मिलफर्ड साउंड: कोरडा दिवस शोधू नका, योग्य पाऊस शोधा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची ट्रिप आखणाऱ्यांचा मिलफर्ड साउंडबद्दलचा, म्हणजे उभ्या कड्यांमधून आत शिरलेल्या तिथल्या समुद्राच्या खाडीबद्दलचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाऊस नसेल असा दिवस कोणता? हा प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा. इथे वर्षाला सरासरी साडेसहा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वर्षातले जवळपास निम्मे दिवस ओले असतात. अनेक कोरड्या दिवसांनंतर गेलात तर बारमाही मोठे धबधबे दोनच दिसतात, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. रात्रभर मुसळधार पाऊस झाला असेल तर तेच कडे शेकडो धारांनी भरलेले असतात. तेव्हा पाऊस टाळण्याच्या नादी न लागता कुठला पाऊस हवा आणि कुठला नको, एवढं ओळखता आलं पाहिजे. ते ओळखायचं तर हा पाऊस येतो कुठून आणि पडल्यावर जातो कुठे, हे आधी समजून घेऊ.

एवढा पाऊस का पडतो

मिलफर्ड साउंड, माओरी (इथले मूळ रहिवासी) नाव पिओपिओताही, हे दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला फियॉर्डलँड राष्ट्रीय उद्यानात आहे. दक्षिण गोलार्धात साधारण चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेकडून जोरदार वारे सतत वाहत असतात. टास्मान समुद्रावरून येताना ते बाष्प गोळा करतात आणि फियॉर्डलँडला पोचले की समोर एकदम डोंगरांची भिंत उभी राहते. समुद्रकाठच्या मायटर पीकची उंचीच १,६८० मीटरहून जास्त आहे. हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर चढली की ती थंड होते आणि बाष्पाचा पाऊस होतो.

आपल्याकडे सह्याद्रीत हेच घडतं. घाटमाथ्यावर महाबळेश्वर भिजतं आणि त्याच्या पूर्वेला वाईत पाऊस कितीतरी कमी होतो. इथे घाटमाथ्याच्या जागी मिलफर्ड आहे आणि वाईच्या जागी ‘ते आनाऊ’ (Te Anau) नावाचं गाव. तिथे मिलफर्डच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच पाऊस पडतो. मात्र सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, मिलफर्डचा बारा महिने चालू असतो. वसंत आणि उन्हाळ्यात (ऑक्टोबर ते मार्च) तो जास्त पडतो, तर जून-जुलैच्या हिवाळ्यात त्या मानाने कमी. मराठी पर्यटक बहुतेक डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत जातात, म्हणजे ऐन पावसाच्या दिवसांत.

अंदाज वाचताना वाऱ्याच्या दिशेकडे नीट लक्ष द्या. वायव्येचा वारा सुटला की जोराचा पाऊस येतो, कारण ती हवा तुलनेने उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. हवेचा पट्टा पुढे सरकला की वारा नैर्ऋत्येकडे फिरतो, गारठा वाढतो, सरी तुटक होतात आणि ढग वर उचलू लागतात. ही वेळ साधा. पाऊस थांबून काही तासच झालेले असतात, धबधबे जोरात असतात आणि डोंगरांचे माथेही उघडे पडतात. अंदाजात ‘रात्री मुसळधार, सकाळी वारा नैर्ऋत्येकडे वळणार, दुपारी उघडीप’ असं काही दिसलं तर बोटीचं तिकीट दुपारचं घ्या.

धबधबे इतक्या लवकर येतात आणि जातात का

इथला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, अतिशय कठीण आणि जवळपास पाणी न मुरणारा. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. उतार इतका तीव्र की पाणी साठायला जागा नाही. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी होतं. ते मुरत नाही, थांबत नाही, सरळ कड्यावरून खाली येतं. म्हणूनच जोराची सर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात धारा दिसू लागतात आणि पाऊस थांबला की काही तासांत विरू लागतात. दुसऱ्या दिवशी बऱ्याचशा धारांच्या जागी खडकावर नुसती ओल राहते.

बारमाही धबधब्यांची गोष्ट वेगळी. त्यासाठी हे सगळं कसं कोरलं गेलं ते पाहावं लागेल. हिमयुगांत इथे जाडजूड हिमनदी होती. नदी डोंगर कापते तेव्हा इंग्रजी ‘व्ही’सारखी दरी तयार होते. हिमनदी तळ आणि बाजू दोन्ही खरवडत जाते, म्हणून तिची दरी ‘यू’सारखी होते: तळ रुंद, बाजू उभ्या. मुख्य हिमनदीला बाजूने येऊन मिळणाऱ्या छोट्या हिमनद्यांना तेवढं खोल खरवडता आलं नाही. बर्फ वितळल्यावर त्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या वर अधांतरी राहिल्या. बोवेन आणि स्टर्लिंग अशाच अधांतरी दऱ्यांतून कोसळतात. दोन्हींची उंची दीडशे मीटरहून जास्त आहे. वर बर्फ आणि पाण्याचा साठा असल्यामुळे ते आटत नाहीत. मिलफर्डच्या छोट्याशा वस्तीला पिण्याचं पाणी आणि वीज बोवेनमुळेच मिळते.

हिमनदी मागे हटली आणि दरीत समुद्र शिरला. ‘साउंड’ म्हणजे नदीच्या दरीत समुद्र शिरून झालेली खाडी. नाव तसं असलं तरी हा पक्का फियॉर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. तोंडाजवळ तळ उथळ आणि आत खोली जवळपास २९० मीटर, कारण हिमनदीचा जोर समुद्राकडच्या टोकाला कमी पडला आणि तिने वाहून आणलेली दगडमातीही तिथेच टाकली. आतली लांबी सुमारे १५ किलोमीटर. बाहेरून बघताना डोंगरांच्या आड तोंड लपलेलं असतं. कॅप्टन कुक १७७० मध्ये या किनाऱ्यावरून गेला, पण आत शिरला नाही.

कड्यांकडे बघताना आणखी एक गोष्ट दिसेल. घनदाट हिरव्या जंगलात मधूनच वरपासून खालपर्यंत उघड्या खडकाचे उभे पट्टे असतात. ते झाडांच्या दरडींचे आहेत. माती नसल्यामुळे बीच (beech) जातीची झाडं शेवाळाच्या थराला आणि एकमेकांच्या मुळांना धरून उभी असतात. पाऊस किंवा बर्फामुळे वजन वाढलं आणि वरचं एक झाड सुटलं की ते खालच्यांना ओढतं आणि अख्खा पट्टा समुद्रात जातो. मग उघड्या खडकाला आधी दगडफूल चिकटतं, नंतर शेवाळ, नेचे, झुडपं आणि शेवटी पुन्हा बीच. हे चक्र पुरं व्हायला शतकभर लागतं. वेगवेगळ्या हिरव्या छटांचे पट्टे दिसले तर ती वेगवेगळ्या वयांची जंगलं आहेत असं समजा.

पाऊस समुद्राच्या आत काय करतो

हा भाग पर्यटक बहुधा ऐकून सोडून देतात. आमच्या मते मिलफर्डमधलं सगळ्यात विलक्षण हेच आहे.

पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, खारं पाणी जड. चारी बाजूंनी कडे असल्यामुळे मोकळ्या समुद्रातल्या लाटा आत फारशा येत नाहीत, त्यामुळे दोन्ही पाणी पटकन मिसळत नाही. वर काही मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो आणि जोराच्या पावसानंतर तो आणखी जाड होतो. जंगलातल्या कुजलेल्या पानांमधून येताना हे पाणी टॅनिन हे तपकिरी द्रव्य घेऊन येतं, त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि सूर्यप्रकाश खाली पोचत नाही. एरवी खोल समुद्रात, कमी प्रकाशात राहणारे जीव इथे थोड्याशा खोलीवरच सापडतात, कारण त्यांच्या लेखी अंधार झालेलाच असतो.

त्यातलं नावाजलेलं म्हणजे काळं प्रवाळ. नाव काळं, पण जिवंतपणी ते पांढरं दिसतं. काळा असतो तो आतला सांगाडा. झाडासारखं फांद्या फुटून ते वाढतं, पण वर्षाला जेमतेम एकदोन सेंटिमीटर. त्याच्या फांद्यांना बारीक, लांब हातांचा सर्पतारा (तारामाशाचा नातलग) वेटोळं घालून बसतो. दिवसा तो घट्ट गुंडाळलेला असतो, रात्री हात सोडून प्रवाळावर साचलेलं अन्न वेचतो आणि त्यात प्रवाळाची सफाईही होते. इतर समुद्रांत हे पाहायचं तर बरंच खोल उतरावं लागतं. मिलफर्डला अनुभवी पाणबुड्यांना दहा-पंधरा मीटरवर हे दिसतं. पाण्याखाली बुडी न मारणाऱ्यांसाठी हॅरिसन कोव्हमध्ये तरंगती वेधशाळा आहे. जिना उतरून पाण्याखाली दहा मीटरवर गेलं की काचेपलीकडे हे जग असतं. तुमच्या बोटीच्या तिकिटात ती धरली आहे का, त्या दिवशी उघडी आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. सगळ्या बोटी तिथे थांबत नाहीत.

फियॉर्डच्या उत्तर बाजूचा पट्टा १९९३ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे मासेमारी बंद आहे. कायाक घेऊन गेलात तर शंखशिंपलाही उचलू नका.

रस्ता: अर्धी ट्रिप इथेच आहे

क्वीन्सटाउन या पर्यटकांच्या मुख्य गावाहून मिलफर्ड सुमारे २९० किलोमीटर, न थांबता चार तास. नकाशावर दोन्ही ठिकाणं शेजारी दिसतात, पण मधल्या डोंगरांतून गाडीरस्ता नाही, लांबून वळसा घालून ते आनाऊमार्गे जावं लागतं. एका दिवसात जाऊन येण्याची बसची ट्रिप बारा-तेरा तासांची होते. अनेक जण तशी करतात. आमचा सल्ला स्पष्ट आहे: ते आनाऊला किमान एक, जमल्यास दोन रात्री राहा. दोन रात्री असल्या की हवा बघून दिवस बदलता येतो, आणि मिलफर्डला एवढी मोकळीक फार उपयोगी पडते. मिलफर्डमध्येच राहायचं तर जमिनीवर एकच लॉज आहे. तो महिनोन्‌महिने आधी भरतो. काही बोटींवर रात्रीचा मुक्कामही करता येतो.

ते आनाऊ ते मिलफर्ड जवळपास १२० किलोमीटर. न थांबता दोन तास, थांबत गेलं तर साडेतीन. निघण्याआधी ते आनाऊतच टाकी पूर्ण भरा. जाऊन-येऊन २४० किलोमीटर होतात आणि मधे पेट्रोल पंप नाही. बहुतेक वाटेवर फोनला सिग्नल नसतो, त्यामुळे नकाशा, तिकिटं आणि बोटीची वेळ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जेवण ते आनाऊतून बांधून न्या. मिलफर्डला कॅफे आहे, पण त्यावर दिवस काढू नका.

गाडी चालवणाऱ्यांना एक सोय आहे. न्यूझीलंडमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीत छापलेला वैध भारतीय परवाना पर्यटकांना चालतो. तरी सवयीचा भरवसा धरू नका. हा दुपदरी घाटरस्ता आहे. मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडची मोकळी जागा बघून त्यांना पुढे जाऊ द्या. तिथे ही साधी शिस्त मानली जाते आणि ती न पाळणाऱ्या पर्यटकांवर लोक चिडतात.

पहिला मोठा टप्पा एग्लिंटन दरीचा. सपाट सोनेरी गवताळ तळ आणि दोन्ही बाजूंना उभे डोंगर, म्हणजे ‘यू’ आकाराची दरी आतून बघायची ती इथेच. मिरर लेक्स इथे लाकडी पायवाटेवरून दहा मिनिटांत जाऊन येता येतं. प्रतिबिंब हवं तर सकाळी, वारा सुटण्याआधी थांबा. नॉब्ज फ्लॅटला स्वच्छतागृह आहे, ते वापरून घ्या. पुढे ‘डिव्हाइड’ ही ५३२ मीटर उंचीची खिंड लागते. सदर्न आल्प्स या डोंगररांगेतून पूर्व-पश्चिम जाणारी ही सगळ्यात कमी उंचीची खिंड आहे. इथून ‘की समिट’ (Key Summit) या माथ्याची वाट निघते, जाऊन-येऊन सुमारे तीन तास. हवा उघडी असेल आणि एकच चाल करायची असेल तर ही करा. माथा ढगात असेल तर सोडून द्या, वर गेल्यावर पांढऱ्या धुक्याखेरीज काही हाती लागणार नाही.

डिव्हाइडनंतर रस्त्याचा स्वभाव बदलतो. होमर बोगद्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हिमस्खलनाचा आहे. इथे ‘थांबू नका’ असे फलक आहेत आणि ते शब्दशः पाळायचे. कड्यावर उन्हात चमकणारा बर्फ बघून लोक गाडी कडेला घेतात, फोटो काढतात, आणि नेमकं हेच करायचं नसतं. वरून सुटलेल्या बर्फाला खाली यायला काही सेकंद लागतात. १९८३ मध्ये या रस्त्यावरचा एक कर्मचारी हिमस्खलनात गेला. त्यानंतर इथे कायमची देखरेख उभी राहिली. डोंगरावरच्या यंत्रांवरून बर्फाचे थर, तापमान आणि वारा तपासला जातो. धोका वाढला की रस्ता बंद करून हेलिकॉप्टरमधून स्फोटकं टाकून बर्फ मुद्दाम पाडला जातो, मग रस्ता साफ करून उघडतात. ‘आकाश निरभ्र आहे आणि रस्ता बंद कसा?’ असं वाटेल, पण उन्हानेच बर्फ सैल होतो.

बोगद्याचं काम १९३५ मध्ये मंदीच्या काळात सुरू झालं, पाच माणसं, कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन. १९४० मध्ये तो आरपार झाला. पण युद्ध आणि हिमस्खलनं यांमुळे गाड्या जायला १९५० चं दशक उजाडलं. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. पूर्वेचं तोंड समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या जवळपास आहे, आणि मिलफर्डकडे आत जवळपास दहास एक असा उतार आहे. भिंती खडबडीत, उजेड कमी, वरून पाणी ठिबकतं. शिरण्याआधी हेडलाइट लावा आणि गॉगल काढा. उन्हाळ्यात दिवसा आळीपाळीने एकेका बाजूची वाहतूक सोडणारा सिग्नल असतो. वाट बघण्यात वीस मिनिटं जाऊ शकतात, तेवढी वेळेत धरा. हिवाळ्यात हा सिग्नल बंद ठेवतात, कारण रांगेत उभ्या गाड्या हिमस्खलनाच्या माऱ्यात येतात. तेव्हा समोरून येणाऱ्याला जागा देत सावकाश जायचं.

बोगद्यातून बाहेर पडलं की तीव्र वळणं आणि सलग उतार. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, वास येऊ लागतो आणि पकड कमी होते. भाड्याच्या मोठ्या कॅम्परव्हॅनचं हे हमखास होतं. गिअर खाली टाका. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर असतो, तो कसा टाकायचा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या. पावसाच्या दिवशी याच पट्ट्यात दोन्ही बाजूंचे कडे धबधब्यांनी भरलेले असतात. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघावं, बाकीच्यांनी धबधबे बघावेत. परतताना जागा बदला.

मे ते नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर चाकांच्या साखळ्या सोबत न्याव्या लागू शकतात. फलकावर ‘साखळ्या आवश्यक’ असेल तर त्यांच्याशिवाय पुढे जाणं बेकायदा आहे. त्या ते आनाऊत भाड्याने मिळतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच साखळी लावायची: पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढे. एकदा कोरड्या जागी लावून बघा. बर्फात गुडघ्यावर बसून, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावायला गेलं की आकडा अडकत नाही आणि साखळी सैल राहते. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा, पुन्हा आवळा, आणि वेग चाळीसच्या आत ठेवा. हिवाळ्यातला दुसरा धोका म्हणजे डांबरावर जमलेला पारदर्शक बर्फाचा पापुद्रा. तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर सकाळी तो असणारच असं धरून चाला.

बोट कुठली, कधीची, कुठे उभं राहायचं

साध्या बोटफेरीला पावणेदोन ते दोन तास लागतात. क्वीन्सटाउनहून सुटलेल्या बस साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान येऊन थडकतात, तेव्हा धक्का, पार्किंग आणि बोटी सगळंच तुडुंब असतं. ते आनाऊत राहिलात तर सकाळची पहिली बोट किंवा दुपारी तीननंतरची घ्या. पार्किंगला पैसे पडतात आणि गाडी लावून धक्क्यापर्यंत चालावं लागतं, म्हणून बोटीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. बोट कुणासाठी थांबत नाही.

बहुतेक बोटी जाताना मायटर पीकच्या बाजूने जातात, तोंडाशी वळतात आणि समोरच्या बाजूने परततात. सील आणि स्टर्लिंग धबधबा परतीच्या बाजूला आहेत. जाताना पहिल्या वीस मिनिटांतच बॅटरी आणि कपडे संपवू नका. स्टर्लिंगच्या जवळ नाक नेऊन बोट उभी करतात. पुढच्या डेकवर उभे राहाल तर नखशिखांत भिजाल. भिजायचंच असेल तर फोन आत ठेवून मनसोक्त भिजा, तो अनुभव सोडू नये. नाहीतर मागच्या डेकवर जा, तिथे वाराही कमी लागतो.

छत्री नेऊ नका, कड्यांमधून येणारा वाऱ्याचा झोत ती उलटी करतो. टोपी असलेलं जलरोधक जाकीट लागतं. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, त्यापेक्षा पातळ सिंथेटिक पँट घाला. भर उन्हाळ्यातही दुपारचं तापमान अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास राहतं आणि डेकवरचा वारा ते अजून थंड वाटायला लावतो. लोकरीचा एक थर आणि गाडीत मोज्यांचा कोरडा जोड असू द्या.

फोटोसाठी: भिंगावर थेंब पडत राहतात, म्हणून दोन-तीन कोरडी मऊ फडकी खिशात ठेवा, एक ओलं झालं की दुसरं. बोट हलत असते, तेव्हा शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा हळू नको. नुसत्या कड्याच्या फोटोत उंची कळत नाही, चौकटीत दुसरी एखादी बोट येऊ द्या.

तोंडाशी, डेल पॉइंटजवळ, टास्मान समुद्राची लाट जाणवते. आत पाणी शांत असतं, पण तिथे दहा मिनिटं पोटात ढवळू शकतं. त्रास होणाऱ्यांनी गोळी बोटीत चढायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे नंतर गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

प्राणी: कधी दिसतात, किती अंतर ठेवायचं

सील बारा महिने दिसतात. एका ठरलेल्या खडकावर फर सील पहुडलेले असतात, बहुतेक तरुण नर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातड्यांसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली होती. आता ते संरक्षित आहेत. किनाऱ्यावर किंवा कायाकमध्ये असाल तर वीस मीटर अंतर ठेवा आणि सील व पाणी यांच्या मधे कधीही येऊ नका. त्याला पळायची वाट पाण्याकडेच असते.

फियॉर्डलँडचा तुरेवाला पेंग्विन, तवाकी, हा दुर्मीळ पेंग्विन आहे. डोळ्यावरून मागे जाणारी पिवळी पट्टी ही त्याची खूण. तो बर्फावर न राहता पावसाळी जंगलात झाडांच्या मुळांखाली आणि दगडांच्या कपारीत घरटं करतो. जुलैमध्ये किनाऱ्यावर येतो, नोव्हेंबर संपेपर्यंत पिल्लं मोठी करून समुद्रात जातो, हजारो किलोमीटर फिरून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिसं झाडायला काही आठवडे परत येतो. पेंग्विनसाठी जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. डिसेंबरच्या सुट्टीत तो दिसला नाही तर कप्तानाला दोष देऊ नका. बाटलीच्या तोंडाचे डॉल्फिन मात्र कधीही येतात आणि कधीही गायब होतात, त्यांचं वेळापत्रक कुणाकडे नाही.

बोगद्याच्या तोंडाशी आणि वाहनतळांवर किया भेटेल. हिरवा, अंगाने दणकट, पंखांखाली नारिंगी असलेला डोंगरी पोपट. तो जवळ येतो, गाडीवर बसतो, वायपरचं रबर आणि दाराचं रबर चोचीने सोलून काढतो. त्याला काहीही खायला देऊ नका, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. एकदा माणसाकडून खायला मिळतं हे कळलं की तो रस्त्यावर घोटाळू लागतो आणि गाडीखाली येतो. चोच खुपसण्याच्या या सवयीमुळे जुन्या घरांच्या छतावरचं शिसं खाऊन विषबाधा झालेले कियाही सापडतात. आधीच त्यांची संख्या घसरलेली आहे.

वाटेत जंगलाच्या कडेला लाकडी खोकी दिसतील. ती स्टोट नावाच्या मुंगसासारख्या शिकारी प्राण्याचे सापळे आहेत. ससे मारायला म्हणून एकोणिसाव्या शतकात तो बाहेरून आणला आणि तो अंडी-पिल्लं फस्त करू लागला. खोक्यांना हात लावू नका. उद्यानात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

सँडफ्लाय

बारीक काळी माशी, दोन-तीन मिलीमीटरची. चावते ती मादी, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. चावताना फारसं कळत नाही, खाज नंतर सुटते आणि काही दिवस टिकते. वाहत्या पाण्यात तिच्या अळ्या वाढतात, त्यामुळे या भागात तिला तोटा नाही. माओरी कथेत असं सांगतात की तू-ते-राकी-फानोआ या देवाने वासल्याने हे फियॉर्ड कोरले. ते इतके सुंदर झाले की माणसं इथेच रमून जातील अशी भीती वाटून मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो हिने या माश्या सोडल्या.

जोराच्या पावसात, वाऱ्यात आणि अंधारात त्या फिरत नाहीत. ढगाळ, शांत, दमट हवेत, त्यातही पहाटे आणि संध्याकाळी, तुटून पडतात. चालत्या बोटीवर त्रास नाही, धक्क्यावर आणि वाहनतळावर आहे. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घोटे झाका आणि उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन (माश्या दूर ठेवणारी द्रव्यं) असलेलं मलम लावा. गाडीचं दार उघडं ठेवून सामान काढत बसू नका, आत शिरलेल्या माश्या ते आनाऊपर्यंत सोबत येतात.

नको असलेला पाऊस

चोवीस तासांत शंभर-दीडशे मिलीमीटर इथे नेहमीचं आहे आणि धबधब्यांसाठी झकास. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल तर मात्र वेगळा विचार करा. फेब्रुवारी २०२० मध्ये साठ तासांत हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, रस्ता जागोजागी वाहून गेला आणि शेकडो पर्यटक अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मिलफर्डला जायला-यायला रस्ता एकच आहे, दुसरी वाट नाही. इशारा असताना ‘पोचलो तर पोचलो’ म्हणून निघू नका. पोचाल, पण परतता येईलच असं नाही. सकाळी निघण्याआधी रस्त्याची सरकारी माहिती बघा. ते आनाऊतून बाहेर पडताना मोठा फलकही असतो, त्यावर रस्ता उघडा आहे का आणि साखळ्या लागणार का ते लिहिलेलं असतं. विमानाने जायचं ठरवलं असेल तर हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं, त्याचे पैसे परत मिळणार का आणि बदल्यात बसची सोय आहे का, हे आधी वाचून ठेवा.

रस्ता बंद निघाला आणि हातात दिवस असला तर ते आनाऊहून वीस किलोमीटरवरच्या मानापौरीला फोन लावा. तिथून डाउटफुल साउंड या दुसऱ्या फियॉर्डची ट्रिप निघते: आधी बोटीने मानापौरी तलाव ओलांडायचा, मग बसने ६७० मीटर उंचीची विल्मॉट खिंड, मग फियॉर्डमधली बोट. सगळं मिळून सात-आठ तास. तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही, त्यामुळे गर्दी कमी असते आणि हा फियॉर्ड मिलफर्डपेक्षा दुपटीहून लांब आहे. वाट वेगळी असल्यामुळे मिलफर्डचा रस्ता हिमस्खलनासाठी बंद असतानाही ही ट्रिप चालू असू शकते. जागा मर्यादित असतात, म्हणून फलकावर ‘बंद’ वाचल्या क्षणी, बाकीच्यांनी विचार करायच्या आधी, फोन करा.